घोड्यास मेहनतीची सवय : कोणते अंग केव्हा तयार होते

ठाण्याहून भाईंदरकडे खाडीच्या बाजूने जे वाचक गेले असतील, त्यांस घोडबंदर हे गाव ठाऊक असेलच. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी, पोर्तुगीजांनी बांधलेला व १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला तेथे आजही उभा आहे. अरबी घोडे गलबतांतून या बंदरात उतरत व येथे त्यांचा व्यापार चाले, म्हणून गावास हे नाव पडले असे सांगतात. समुद्रातून कित्येक दिवस एकाच जागी बांधून आणलेला घोडा धक्क्यावर उतरला म्हणजे त्याचा रंग, बांधा व चाल ही पूर्वीचीच दिसत. परंतु आतून तो पूर्वीचा घोडा राहिलेला नसे. ज्या शरीरास काम नाही, ते शरीर काम करण्याची आपली सामग्री हळूहळू मोडून टाकीत असते. उलटपक्षी, ज्यास काम पडते ते शरीर त्या कामाजोगे स्वतःस घडवीत जाते. ही घडण कोणत्या अवयवात किती दिवसांत होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय केवळ शर्यतीच्या शौकिनांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. सारंगखेड्याच्या किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या जत्रेतून घोडे आजही शेतकऱ्यांच्या दारी येतात. माथेरानास मोटारीस बंदी असल्याने माणसांची व मालाची ने-आण पुष्कळशी घोड्यांवरच होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरल्यापासून शर्यतीच्या जनावरांची मेहनत हाही गावोगावी चर्चेचा विषय झाला आहे. अशा सर्व ठिकाणी एक चूक वारंवार घडते. पाऊसभर ठाणावर बांधलेले जनावर दसरा उलटताच एकदम कामास जुंपले जाते, किंवा महिना-दीड महिना फेरल्यावर ते चपळ दिसू लागले म्हणून त्यास भरधाव सोडले जाते. पुढे पाय गेला, म्हणजे दोष नशिबास दिला जातो. हा दोष नशिबाचा नसून हिशेबाचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

रक्त व हृदय

सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याचे हृदय चार-पाच किलो भरते. स्वस्थ उभा असता ते मिनिटास २८ ते ४० ठोके देते. भरधाव धावताना तीच संख्या २२० ते २४० पर्यंत जाते. इतकी मोठी तफावत माणसात आढळत नाही. मेहनतीने ही वरची मर्यादा वाढते असा समज आहे, तो खरा नाही. कसलेल्या व न कसलेल्या घोड्याचे कमाल ठोके जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो एका ठोक्यासरशी बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या मापात. नियमित मेहनतीने हृदयाची डावी बाजू जाड व प्रशस्त होते. दोन वर्षांच्या शर्यती घोड्यांच्या एका पाहणीत अठरा आठवड्यांच्या तयारीनंतर हा भाग सरासरीने सुमारे एक-तृतीयांश वाढलेला आढळला. मोटेचा फेरा तोच, पण मोट मोठी झाली, म्हणजे जसे अधिक पाणी पाटास लागते, तसाच हा प्रकार होय.

घोड्यास निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे, ती प्लीहेची. प्लीहा हे घोड्याचे तांबड्या रक्तकणांचे कोठार आहे. विश्रांतीत घोड्याच्या रक्तात कणांचा भाग शेकडा ३५ ते ४० असतो. धाव सुरू होताच प्लीहा आकुंचन पावते, आतील कण रक्तात ओतले जातात व हे प्रमाण शेकडा ६० च्या वर जाते. त्यायोगे प्राणवायू वाहण्याची शक्ती काही क्षणांत दीडपट होते. मेहनतीच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्ताचे एकंदर आकारमानही वाढते. सर्व अवयवांत रक्ताची ही सुधारणा लवकर दिसू लागते.

फुप्फुसांची गोष्ट मात्र निराळी. ती मेहनतीने फारशी बदलत नाहीत. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, केवळ नाकाने घेतो. आणि भरधाव असता त्याचा प्रत्येक श्वास टापांच्या एकेका फेरीशी बांधलेला असतो. म्हणून घोड्याच्या नाकपुड्या, गळा व तबेल्यातील हवा यांची काळजी हीच त्याच्या दमाची खरी काळजी होय. धुळकट वैरण व मूत्राच्या उग्र वासाने कोंदलेली जागा यांनी बिघडवलेली छाती कितीही रपेट घेतली तरी सुधारत नाही.

स्नायू

हृदयाने पाठविलेल्या प्राणवायूचा उपयोग स्नायूंनी करावयाचा असतो. मेहनतीने स्नायूंच्या तंतूंभोवती केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि ज्या सूक्ष्म कणिकांत अन्नाचे ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते, त्यांची संख्या वाढते. परिणामी, पूर्वी ज्या चालीस घोडा धापा टाकी, त्याच चालीने तो आता सहज जातो. प्राणवायू वापरण्याची घोड्याची कमाल शक्ती पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत शेकडा १० ते २५ ने वाढते. पुढील वाढ अगदी मंद असते. ही शक्ती मिळते लवकर व टिकतेही बरी. महिनाभर विसावा मिळाला तरी घोडा ती फारशी गमावीत नाही.

स्नायूंचे सरपण म्हणजे त्यांत साठविलेली शर्करा. कठीण कामानंतर हा साठा माणसात साधारण एका दिवसात भरून येतो; घोड्यात मात्र त्यास ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून सोमवारी जोराची दौड घेऊन मंगळवारी पुन्हा तशीच घेणे, म्हणजे रिकाम्या कणगीतून धान्य काढू पाहणे होय. मधल्या दोन दिवसांत हलकी चाल द्यावी. घोडा आळशी झाला असे वाटते, तेव्हा पुष्कळदा तो आळशी नसून रिकामा असतो.

हाडे व कंडरा

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. हाड हे दगडासारखे निर्जीव नव्हे. त्यावर भार पडला की जेथे भार पडतो तेथे ते जाड होते, व भार नाहीसा झाला की झिजते. ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या पायाचे हाड काही आठवड्यांतच विरळ होऊ लागते. पुढे मेहनत सुरू झाली, म्हणजे शरीर प्रथम जुने हाड पोखरून काढते व मागाहून त्या जागी नवे व बळकट हाड भरते. पोखरण्याचे काम लवकर होते, भरण्याचे उशिरा. त्यामुळे मेहनतीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत असा काळ येतो, की जेव्हा घोड्याचा दम व स्नायू पुरे तयार झालेले असतात, पण नळीचे हाड पूर्वीपेक्षाही कच्चे असते.

धोका आहे तो नेमका येथे. सहा-आठ आठवडे फेरलेला घोडा उसळतो, लगाम ओढतो, धावण्यास मागतो. धनी म्हणतो, घोडा तयार झाला. रक्त तयार झाले, स्नायू तयार झाले. हाड तयार झाले नाही, आणि हाड बोलत नाही. अशा वेळी लांब पल्ल्याची भरधाव दौड घेतली म्हणजे पुढच्या पायाच्या नळीवर सूज व उष्णता येते, हात लावला की घोडा पाय ओढून घेतो. तरुण शर्यती घोड्यांत ही व्याधी फार आढळते. तिकडे दुर्लक्ष केल्यास पुढे हाडास चीर जाते व कधी घोड्यास कायमचा मुकण्याचा प्रसंग येतो.

यावर उपाय काय? केवळ मंद चालीने हाड बळकट होत नाही, व लांब दौडीने ते मोडते. उपाय आहे तो थोड्या अंतराच्या, पण वेगाच्या धावेत. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिंगरांच्या ऐवजी वासरे घेऊन त्यांपैकी काहींस सहा आठवडे, आठवड्यातून केवळ एकदा, ७१ मीटर पळविण्यात आले. कोंडून ठेवलेल्या वासरांच्या मानाने या वासरांच्या नळीचे हाड मोडण्यास शेकडा २० हून अधिक जोर लागला. आठवड्यातून एकदा ७१ मीटर म्हणजे अंगणापासून गोठ्यापर्यंतची धाव! यावरून शिंगरास व वासरास दिवसातून काही वेळ मोकळे सोडणे किती मोलाचे आहे, हे उघड होते. मोकळे सुटलेले शिंगरू जे बागडते, ते त्याच्या हाडांचे शिक्षणच असते.

पायाच्या मागील बाजूने जाणाऱ्या कंडरा, ज्यांस आपल्याकडे नुसते ‘नसा’ म्हणतात, त्यांचे प्रकरण हाडाहूनही कठीण आहे. शिंगरूपणी त्या भाराप्रमाणे घडतात. घोडा दोन वर्षांचा झाल्यावर त्यांत सुधारणा जवळजवळ थांबते, झीज मात्र चालूच राहते. भरधाव दौडीत या कंडरांच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंशांपर्यंत चढते. कंडरा दुखावली तर ती सांधण्यास नऊ महिने ते वर्ष, कधी अधिकही काळ लागतो, व सांधलेली कंडरा पहिल्यासारखी लवचीक होत नाही. म्हणून रोज काम संपल्यावर पुढच्या दोन्ही पायांच्या नसांवरून हात फिरवून पाहावा. एका पायास दुसऱ्यापेक्षा जास्त उष्णता किंवा फुगवटा लागला, तर घोडा लंगडत नसला तरी काम तेथेच थांबवावे.

घाम व मीठ

स्नायूंत जी शक्ती निर्माण होते, तिचा चौथा-पाचवा हिस्साच काय तो चालीस लागतो. बाकीची सर्व उष्णता होते. ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. कोकणपट्टीत हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, व सुकल्यावाचून तो अंग थंड करीत नाही. म्हणून देशावरचा घोडा किनाऱ्यावर आणला असता त्यास हवेची सवय होण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत, व काम पहाटे घ्यावे.

उन्हात जोराचे काम करणारा मोठा घोडा तासाभरात दहा लिटरपर्यंत घाम गाळू शकतो, आणि दर लिटरामागे सुमारे १० ग्रॅम क्षार गमावतो. माणसाच्या घामात क्षार थोडे व पाणी फार, म्हणून घाम आला की माणसाचे रक्त खारट होते व त्यास तहान लागते. घोड्याचा घाम मुळातच रक्ताइतका किंवा त्याहून खारट. त्यामुळे पाणी व क्षार दोन्ही बरोबरच जातात, रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि सुकून गेलेला घोडाही पाण्यास तोंड लावीत नाही. ‘पाणी दाखविले, पण प्याला नाही’ ही तक्रार येथून उत्पन्न होते. यास उपाय मीठ. भाईंदरच्या मिठागरांनी ज्या प्रांतास पिढ्यान्‌पिढ्या मीठ पुरविले, तेथील जनावर मिठावाचून दुबळे व्हावे हे बरे नव्हे. ५०० किलोच्या घोड्यास विश्रांतीच्या दिवसांतही २५ ते ३० ग्रॅम मीठ रोज लागते, लहान देशी टट्टास त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. घाम गाळणाऱ्या घोड्यास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त द्यावे. मीठ दाण्यात मिसळावे व पाणी सदैव जवळ ठेवावे. पाण्याशिवाय मीठ देऊ नये.

तापलेल्या घोड्यास पाणी पाजू नये व त्याच्या अंगावर थंड पाणी ओतू नये, हा जुना समज आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने, उष्ण व दमट हवेत घोडे कसे सांभाळावेत याचा पुष्कळ अभ्यास झाला. त्यात सर्वांगावर थंड पाणी पुन्हा पुन्हा ओतणे हाच उष्णता उतरविण्याचा उत्तम मार्ग ठरला, व त्यापासून स्नायूंस अपाय होत असल्याचे आढळले नाही. काम संपताच सावलीत उभे करून पाणी ओतावे, हिंडवावे, पुन्हा ओतावे, व मधून मधून पिण्यास द्यावे.

दाणा व विसावा

युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांस रविवारी सुट्टी असे, पण दाणा मात्र पुरा मिळे. सोमवारी जुंपताच काही पावलांवर त्यांचे पुठ्ठे लाकडासारखे ताठरत, घाम सुटे व लघवी काळसर तांबूस होई. या रोगास तिकडे सोमवारचा रोग असेच नाव पडले. या व्याधीत स्नायूंचे तंतू फुटून त्यांतील तांबडे द्रव्य रक्तात उतरते व ते मूत्रपिंडांस घातक होते. काही घोड्यांत स्नायूंतील शर्करेचा उपजत दोषही यास कारण असतो, असे आता सिद्ध झाले आहे. अशा वेळी ‘चालवले म्हणजे मोकळा होईल’ असे म्हणून घोड्यास ओढणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. जागच्या जागी उभा करावा, पाणी द्यावे, पाठीवर पांघरूण घालावे व पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. रोग होऊ नये म्हणून नियम एकच: ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी दाणा निम्मा, वैरण पूर्ण, व घोडा बांधलेला नसून मोकळा.

तयारीचा क्रम व परीक्षा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालणारे शितोळे सरकारांचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून आळंदीस दरसाल चालत येतात. वाट सुमारे ३०० किलोमीटरांची आहे. पुढे आळंदीहून पंढरपूरच्या मार्गावर रिंगणात ते जी धाव घेतात, ती पाहण्यास हजारो लोक लोटतात. त्या धावेमागे कित्येक दिवसांची शांत चाल असते. आधी पुष्कळ चाल व मग थोडी धाव, हाच क्रम शरीरशास्त्रासही मान्य आहे.

पहिला महिना केवळ चाल व थोडी दुडकी द्यावी. अर्ध्या तासापासून आरंभ करून तासा-दीड तासापर्यंत न्यावी. दुसऱ्या महिन्यात दुडकी वाढवावी, आणि आठवड्यातून एक-दोन वेळा मऊ, सपाट जमिनीवर पन्नास ते शंभर मीटरांची एक-दोन वेगवान धाव घ्यावी, अधिक नव्हे. तिसऱ्या महिन्यापासून पल्ला किंवा ओझे वाढवावे. वेग, पल्ला व ओझे या तिहींपैकी एका वेळी एकच वाढवावे. घोडा महिनाभर आजारी पडला किंवा बांधून राहिला, तर त्याचा दम टिकला असे दिसले तरी हाडांसाठी पुन्हा चालीपासूनच आरंभ करावा.

तयारी ओळखण्यास महाग यंत्र नको. जबड्याच्या हाडाच्या आतील कडेस बोट ठेवले असता नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करावी. विश्रांतीतील नाडी मेहनतीने फारशी उतरत नाही, म्हणून ती पाहून निर्णय करू नये. कामानंतर ती किती लवकर उतरते हे पाहावे. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत ठराविक मिनिटांच्या आत नाडी ६४ वर उतरली नाही, तर घोड्यास पुढे जाऊ देत नाहीत. आपणही काम थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी नाडी मोजावी. ६४ च्या वर असेल तर काम जास्त झाले, किंवा हवा घोड्यास झेपली नाही, असे समजावे. रोजची नाडी वहीत टिपून ठेवल्यास दोन महिन्यांत घोड्याचा इतिहासच तयार होतो.

बैलांस हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. बैल घोड्याइतका घामावाटे थंड होत नाही, त्यास रवंथास वेळ लागतो, व त्याच्या मानेची कातडी जोखडास सरावलेली नसल्यास खांदेसूज येते. परंतु दम आधी येतो व हाड मागून येते, हे तत्त्व त्यासही लागू आहे. नांगरटीपूर्वी दोन-तीन आठवडे हलक्या कामास जुंपलेला बैल हंगामात कमी बसतो.

एक गोष्ट शेवटी सांगावीशी वाटते. भीमथडीच्या तट्टांचा लौकिक मराठ्यांच्या मोहिमांमुळे सर्व हिंदुस्थानभर झाला. तो लौकिक त्यांच्या उंचीचा नव्हता, की रूपाचाही नव्हता. थोड्या वैरणीवर दूर पल्ला मारण्याच्या शक्तीचा तो होता. अशी शक्ती जातीने अर्धी येते व उरलेली अर्धी धन्याच्या धीराने येते. आपल्या ठाणावर जे जनावर बांधले आहे, त्यास या हंगामात किती दिवस विसावा झाला याचा हिशेब वाचकांनी आजच करावा, आणि जितके आठवडे विसावा झाला असेल, निदान तितके तरी आठवडे पूर्ण कामापूर्वी त्यास द्यावेत.